जेडेडिया स्मिथ की जिम ब्रिजर? फर ट्रॅपर्सबद्दल वाचायला सुरुवात कुणापासून करावी

अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या बीव्हर (ओढ्यात राहणारा दाट लोकरीचा प्राणी) पकडणाऱ्या लोकांबद्दल, म्हणजे ट्रॅपर्सबद्दल वाचायचं ठरवलं की नावांचा ढीग समोर येतो. मी म्हणेन बाकीची सगळी सध्या राहू द्या, स्मिथ आणि ब्रिजर या दोघांतून एक निवडा. दोघंही 1822 मध्ये फरचा धंदा करणाऱ्या विल्यम ॲश्लीच्या टोळीत शिरले. सेंट लुईसच्या पेपरात जाहिरात आली होती, मिसुरी नदीच्या उगमापर्यंत जायला शंभर तरुण हवेत, एक दोन किंवा तीन वर्षांसाठी. स्मिथ तेव्हा 23 चा आणि ब्रिजर फक्त 18 चा, आईबाप वारलेले, लोहाराकडे काम शिकणारा पोरगा.

आधी धंदा समजून घ्या. बीव्हरच्या मऊ लोकरीपासून युरोप अमेरिकेतल्या साहेबांच्या हॅटसाठी फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, बनायचं. ट्रॅपर ओढ्याच्या गारठलेल्या पाण्यात उतरून लोखंडी सापळा लावायचा, साखळी खोल पाण्यात खुंटीला बांधायची म्हणजे अडकलेला प्राणी तिथेच बुडून मरतो, आणि वर काठीला बीव्हरच्याच ग्रंथीतला वासाचा द्रव लावायचा. हे सगळं शरद आणि वसंतात, कारण भर हिवाळ्यात पाणी गोठायचं आणि उन्हाळ्यातली कातडी विरळ केसांची म्हणून भाव नाही. वर्षातून एकदा रॉन्देवू, म्हणजे ट्रॅपर आणि व्यापाऱ्यांचा मेळा, भरायचा, 1825 ते 1840, डोंगरातच. तिथे कातडी देऊन साखर, कॉफी, दारूगोळा, व्हिस्की घ्यायची, आणि भाव गावातल्या भावाच्या कितीतरी पट. नफा सापळे लावणाऱ्याचा नव्हता, माल वाहून आणणाऱ्याचा होता, हे डोक्यात ठेवलं तर दोघांची आयुष्यं जास्त नीट कळतात.

स्मिथची गोष्ट वाचताना श्वास अडकतो. 1823 मध्ये ग्रिझली अस्वलाने त्याचं डोकं जबड्यात धरलं, टाळू सोलली, कान लोंबायला लागला, आणि यानेच सोबत्याला सांगितलं की सुई दोरा घे आणि शिव. पुढे तो केस लांब ठेवायचा. 1826 मध्ये दोन भागीदार घेऊन त्याने ॲश्लीचा धंदाच विकत घेतला आणि त्याच वर्षी मोहावी वाळवंटातून कॅलिफोर्नियातल्या सॅन गॅब्रिएल मिशनला (ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या वसाहतीला) पोचला, तिथल्या मेक्सिकन गव्हर्नरला हा हेरच वाटला. पुढच्या वर्षी दोन माणसं घेऊन सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून बेअर लेकच्या रॉन्देवूला आला, लोकांनी तो मेला असं धरलं होतं म्हणून आनंदाने छोटी तोफ उडवली. पण लगेच दुसरी फेरी काढली आणि कोलोरॅडो नदीवर मोहावी लोकांच्या हल्ल्यात 10 माणसं गेली, 1828 मध्ये ओरेगॉनच्या अम्पक्वा नदीवर पंधराच्या आसपास. या दुसऱ्या हल्ल्याआधी चोरीला गेलेल्या कुऱ्हाडीवरून त्याच्या माणसांनी तिथल्या एकाला बांधून ठेवलं होतं, हा भाग वाचताना अजिबात गाळू नका. उरलेल्यांना मदत केली ती प्रतिस्पर्धी ब्रिटिश फर कंपनी हडसन्स बेच्या जॉन मॅकलॉफलिनने, लुटलेली फर परत मिळवून दिली आणि विकतही घेतली. 1830 मध्ये वाटा विकून तो बाहेर पडला, आणि 1831 मध्ये सांता फेच्या वाटेवर तांड्यासाठी पाणी शोधायला पुढे गेला तिथे कोमान्ची लोकांनी मारलं. वय 32. तंबाखू नाही, दारू क्वचितच, बायबल वाचणारा, आणि मुख्य म्हणजे रोजनिशी लिहिणारा, म्हणून त्याच्या बाबतीत तुम्हाला थेट त्याचेच शब्द मिळतात.

ब्रिजरचं उलटं, त्याला लिहिता वाचता यायचंच नाही, जे कळतं ते दुसऱ्यांनी लिहिलेलं, त्यामुळे थापा आणि खरं वेगळं करायला वेळ लागतो. तरी माझं मत ब्रिजरला आहे, आणि ते ठाम आहे. स्मिथने विकलेला धंदा घेणाऱ्या पाच जणांत तो होता, आणि ती रॉकी माउंटन फर कंपनी माल पुरवणाऱ्याच्या कर्जात रुतून 1834 ला संपली. मग रेशमी हॅटची फॅशन आली, ओढ्यांतले बीव्हर तर आधीच संपत आले होते. स्मिथ हे बघायला जिवंतच नव्हता, ब्रिजरने ते सगळं भोगलं आणि 1843 मध्ये आताच्या वायोमिंगमध्ये वाटेवर फोर्ट ब्रिजर बांधला, पश्चिमेकडे राहायला जाणाऱ्या लोकांच्या बैलगाड्यांसाठी दुकान आणि लोहाराची भट्टी. 1846 मध्ये डोनर पार्टी नावाचा अशाच लोकांचा तांडा तिथून जवळच्या म्हणवल्या जाणाऱ्या वाटेने गेली आणि हिवाळ्यात सिएरात अडकली, आणि त्या वाटेने गर्दी आली तर फायदा ब्रिजरच्याच दुकानाचा होता, तेव्हा त्याला निव्वळ हिरो करू नका.

घरातलंही बघा. त्याच्या बायका फ्लॅटहेड, मग यूट, मग शोशोनी जमातीच्या. अशा बायकांनी कातडी खरवडली, कमावली, त्यांच्या माहेरच्या नात्यामुळे ट्रॅपरला त्या मुलुखात वावरता आलं, आणि तरी बहुतेक ठिकाणी त्यांचा उल्लेख एका ओळीत उरकतात. 1835 च्या रॉन्देवूला मार्कस व्हिटमन नावाच्या मिशनरी डॉक्टरने ब्रिजरच्या पाठीतून जवळजवळ तीन वर्षं रुतलेलं बाणाचं लोखंडी टोक काढलं. त्याच डॉक्टरच्या मिशनमध्ये ब्रिजरने मुलगी मेरी ॲन ठेवली होती, 1847 मध्ये मिशनवर हल्ला झाला, डॉक्टर मारला गेला आणि ती मुलगी नंतर थोड्याच काळात वारली. मला या एका घराण्यात त्या काळाचं जेवढं दिसतं तेवढं स्मिथच्या सगळ्या प्रवासांत दिसत नाही.

तर हातात एखादाच वीकेंड असेल, नकाशा समोर ठेवून वाचायला आवडत असेल तर स्मिथच्या 1826 ते 1828 च्या दोन फेऱ्या घ्या, दुसरं काही नको. महिनाभर पुरेल असं हवं असेल, धंदा कसा चालला आणि कसा बुडाला हे हवं असेल तर ब्रिजर घ्या, तो 1881 पर्यंत जगला. फक्त त्याच्याबद्दलचा प्रत्येक किस्सा कुणी आणि किती वर्षांनी लिहिलाय ते आधी बघत चला.