जाहिरात पाहून अर्ज की ओळखीतून शोध?

नोकरीची जाहिरात पाहून अर्ज करण्यात एक सोय आहे: पात्रता, अनुभव आणि शेवटची तारीख समोर असते, आणि कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. मात्र त्याच जाहिरातीवर अनेकांच्या उड्या पडतात आणि मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी पुष्कळदा संगणकच लावतो. त्यामुळे जाहिरातीतले कौशल्यांचे शब्द अर्जात नसतील, तर लायक उमेदवारही तिथेच गळू शकतो.

ओळखीचा मार्ग म्हणजे वशिला, हा समज अर्धवट आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनच्या एका उपनगरातील नोकरदारांची पाहणी करून १९७३ मध्ये दाखवले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ती वरचेवर भेटणाऱ्या व्यक्तीमुळे मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे उपयोगी पडले. कारण उघड आहे: जवळच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

लांबचा पल्ला डोळ्यांसमोर असेल, तर मला दुसरा मार्ग उजवा वाटतो. या पदावरची माणसे पाच वर्षांनी कुठे पोहोचतात आणि आधीचा माणूस का सोडून गेला, हे जाहिरातीला विचारता येत नाही. जुन्या सहकाऱ्याला फोनवर विचारता येते. (फोन करायला संकोच वाटतो, हे खरे.) अर्थात क्षेत्रच बदलायचे असेल आणि तिथे कोणीच ओळखीचे नसेल, तर सुरुवात जाहिरातींपासून करावी लागते; वीस-पंचवीस जाहिराती शेजारीशेजारी ठेवून वाचल्या, की कोणते कौशल्य पुन्हा पुन्हा मागितले जाते ते कळते.