सलाइनची खोकी आणि घाऊकची खुर्ची: ‘बिअर गेम’ कार्यशाळेबद्दल

मी मिरजेत औषधांच्या एका स्टॉकिस्टकडे खरेदी बघते. बावीस वर्षं झाली. सकाळी सेल्समनच्या ऑर्डरी येतात, दुपारी मी सी अँड एफला, म्हणजे कंपन्यांचा माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटला, मागणी टाकते, आणि संध्याकाळपर्यंत कुणा ना कुणा मेडिकलवाल्याचा फोन येतोच, की माल अर्धाच का पाठवला. मागच्या महिन्यात मालकांनी आम्हा तिघांना एका रविवारी सांगलीला कार्यशाळेला पाठवलं. पत्रकावर विषय होता ‘संस्थेतील माणसांचं वागणं, निर्णय आणि टीमवर्क’. फी माणशी १,८०० रुपये, चहा-जेवण धरून. सकाळचं सत्र त्या पैशाच्या कितीतरी पट मोलाचं निघालं. दुपारचं नाही. दोन्हींबद्दल सांगते, कारण पुढची बॅच लागणार आहे आणि आमच्या धंद्यातल्या बऱ्याच जणांनी मला विचारलंय.

हॉलमध्ये आठ लांब टेबलं होती, प्रत्येकावर एक कागदी पट पसरलेला. पटावर चार घरं: किरकोळ दुकान, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना. टेबलाला चार माणसं, शक्यतो एकमेकांना न ओळखणारी. हा खेळ १९६० च्या दशकात अमेरिकेत, एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत, जे फॉरेस्टर यांच्या गटात तयार झाला. त्यात बिअरची खोकी असतात, म्हणून नाव ‘बिअर गेम’. आमच्यासाठी सलाइनची खोकी धरली होती. एक खोकं म्हणजे प्लॅस्टिकची एक छोटी चकती.

नियम सोपे आहेत. सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ खोकी. दर आठवड्याला आलेला माल आत घ्यायचा, समोरून आलेली चिठ्ठी उघडायची, असेल तेवढा माल द्यायचा, आणि आपली मागणी चिठ्ठीवर लिहून पालथी घालून मागे सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ जातो, माल यायला आणखी दोन आठवडे. पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्याला आठवड्याला अर्धा रुपया खर्च, द्यायच्या राहिलेल्या प्रत्येक खोक्याला एक रुपया. खर्च चौघांचा मिळून मोजतात, म्हणजे चौघं एकाच बाजूचे. गिऱ्हाइकाची मागणी पालथ्या पत्त्यांच्या गड्डीत असते आणि ती फक्त दुकानदाराला दिसते. बाकी बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत.

मला घाऊकची खुर्ची आली. म्हणजे माझी रोजचीच नोकरी.

शेजारी दुकानाच्या घरात तासगावचे एक काका होते, द्राक्षबागांच्या औषधांचं दुकान चालवणारे. दुसऱ्या बाजूला वितरक म्हणून दूध संघाच्या स्टोअरमधली एक मुलगी, आणि टोकाला कारखान्यावर माझ्या मुलाच्या वयाचा एक पोरगा. पहिले काही आठवडे काकांची चिठ्ठी ४ ची, म्हणून मीही ४. सातव्या आठवड्याला ८ आली. मग १०. मग १४. माझी खोकी संपली. मी काकांकडे बघितलं, तर ते चष्मा कपाळावर चढवून पेन्सिलीने काहीतरी खोडत होते. मला राग आला. खेळातला नाही, खराखुरा राग, कानशिलं गरम होतील असा. चौदाव्या आठवड्याला माझ्यावर १९ खोक्यांचं देणं चढलं. मी २० मागवली, मुलीकडून ६ आली. पुढच्या वेळी मी २४ लिहिली. मला २४ नकोच होती. पण २४ मागितली तर निदान १२ तरी सोडेल, असा हिशेब मी केला, आणि तो लिहिताना हात जरासुद्धा थांबला नाही.

विसाव्या आठवड्यानंतर माल सुटला. चकत्या माझ्या चौकोनात मावेनात, मी त्या वहीवर रचायला लागले. ४३ झाल्या. मग मी सलग सात चिठ्ठ्या शून्याच्या टाकल्या. टोकाच्या पोराने एका आठवड्यात ४० खोकी बनवायला घातली होती, आणि आता त्याच्याकडे एक चिठ्ठी येत नव्हती. तो हाताची घडी घालून पटाकडे बघत बसला होता. ३६ व्या आठवड्याला खेळ थांबवला. आम्हाला आधी ५० आठवडे सांगितले होते. शेवट जवळ आला हे कळलं की माणसं हात आखडतात, म्हणून तसं सांगतात. आमच्या टेबलाचा खर्च १,९६४ रुपये.

ज्यांना स्वतः खेळायचंय, त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत. खेळाची गोम आधी कळली तर तो राग येत नाही, आणि राग आल्याशिवाय या खेळाला अर्थ नाही.

प्रशिक्षक बाईंनी दुकानदारांना गप्प राहायला सांगितलं आणि बाकीच्यांना एकेक कोरा कागद दिला: तुम्हाला न दिसलेली गिऱ्हाइकाची मागणी काढा. मी डोंगर काढला, वर चढणारा आणि मग कोसळणारा. दूध संघाच्या मुलीने तसाच, जरा उंच. पोराचा कागदाबाहेर जायला आला होता. मग बाईंनी पत्त्यांची गड्डी उलटून एकेक पान फळ्यावर लावलं. ४, ४, ४, ४, ८, ८, ८, ८. शेवटपर्यंत ८. मागणी एकदाच, पाचव्या आठवड्याला, चाराची आठ झाली होती, आणि नंतर हललीच नव्हती. आठही टेबलांवर गड्डी हीच होती. डोंगर आम्ही चौघांनी मिळून उभा केला होता. त्यात काकांनी काही वेडंवाकडं केलं नव्हतं. दोन आठवडे उशिरा येणाऱ्या मालाची वाट बघत, घाबरून, आधी मागवलेलं विसरून त्यांनी जे केलं, तेच मी माझ्या घरात केलं, फक्त थोडं जास्त.

याला ‘बुलव्हिप’ म्हणतात, म्हणजे आसुडासारखं. मला पोतराज आठवला. त्याचं मनगट जरासं हलतं आणि आवाज निघतो तो पार टोकाला. बाईंनी सांगितलं, की प्रॉक्टर अँड गँबल कंपनीला हे लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळं रोज साधारण तेवढीच डायपर ओली करणार, तरी कंपनीकडे येणाऱ्या ऑर्डरी भलत्याच वर-खाली. आणि एमआयटीतल्याच जॉन स्टरमन यांनी १९८९ साली या खेळावर शोधनिबंध लिहिला. त्यांना आढळलं, की संघांचा सरासरी खर्च नीट खेळलं तर येईल त्याच्या सुमारे दहापट होतो, आणि खेळून उठलेली माणसं दोष देतात गिऱ्हाइकाला. आमच्या टेबलाने वेगळं काहीच केलं नाही.

इथे मला माझं सांगायला हवं. ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, कोल्हापूरजवळ हायवे बंद, माल वाटेतच अडकलेला. पाणी उतरलं तशी ओआरएस आणि डॉक्सिसायक्लिनची मागणी वाढली. पुराच्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची भीती होती. माझ्याकडे माल अर्धा, म्हणून मी प्रत्येक दुकानाला अर्धा पाठवायला लागले. आठवड्याभरात ऑर्डरी दुप्पट झाल्या. मी सी अँड एफला तिप्पट लिहिलं. तोही अर्धा देत होता, मी आणखी वाढवलं. सप्टेंबरच्या शेवटी सगळा माल एकदम आला आणि त्याच महिन्यात मागणी बसली. खोकी जिन्याखाली रचली. परत घ्यायची मुदत निघून गेली, आणि २०२१ मध्ये शॉर्ट एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपत आलेल्या मालाच्या, यादीत ती खोकी मीच माझ्या हाताने लिहिली.

त्या नुकसानाचं खापर मी आमच्या एका सेल्समनवर फोडलं होतं. फुगलेल्या ऑर्डरी तोच आणत होता. सगळ्या स्टाफसमोर त्याला म्हणाले, तुला आकडे कळत नाहीत, दुकानदार जे बोलेल ते लिहून आणतोस. दिवाळीत त्याने नोकरी सोडली. सांगलीच्या त्या हॉलमध्ये फळ्यावरची आठाची पानं बघताना मला माझी २४ ची चिठ्ठी आठवली आणि मग तो आठवला. वाढप सुरू झालं तरी मी जागची उठले नव्हते.

आता दुपारबद्दल. जेवणानंतर एका सरांनी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली वाटली आणि उत्तरांवरून प्रत्येकाला एक रंग दिला. लाल म्हणजे झटपट निर्णय घेणारा, निळा म्हणजे हिशेबी, असं. मग रंगांप्रमाणे चार कोपऱ्यांत उभं केलं. लोकांना मजा आली, फोटो निघाले. मला ते फार खटकलं. सकाळी आठ टेबलांवर बत्तीस निरनिराळ्या स्वभावाची माणसं बसली आणि आठही टेबलांवर डोंगर तोच आला. म्हणजे त्या खुर्चीत कुणीही बसवा, त्याच्या हातून तसलीच चिठ्ठी जाते. एवढं डोळ्यांनी दाखवल्यावर तीन तासांनी पुन्हा ‘तुमचा स्वभाव कोणता’ कशाला? आमच्या मालकांसारख्या माणसाने दुपारचंच तेवढं लक्षात ठेवलं, तर उद्या तो सेल्समनचा रंग बघून नोकरी देईल.

त्या वेळात खेळाचा दुसरा डाव बसला असता. मी मधल्या सुट्टीत बाईंना विचारलंसुद्धा: दुकानदाराच्या हातातलं पान चौघांनाही दिसू द्या आणि परत खेळवा, खर्च किती उतरतो ते बघू. त्यांना पटलं होतं, पण कार्यक्रमपत्रिका ठरलेली होती. आयोजकांना माझं सांगणं एवढंच, की तो दुसरा डाव घ्या. आणि हिशेबाचा तक्ता मराठीत छापा. तासगावच्या काकांनी ‘बॅकलॉग’च्या, म्हणजे द्यायच्या राहिलेल्या मालाच्या, रकान्यात तीन आठवडे शिल्लक माल लिहिला, त्यात त्यांची काय चूक?

बाकी व्यवस्था चांगली. बाई खेळ शिकवताना घाई करत नाहीत, पहिले चार आठवडे टेबलाटेबलावर येऊन हात धरून करून घेतात. टेबलावर कुणी आवाज चढवला तरी मध्ये पडत नाहीत, शेवटी त्यावरच बोलतात. जेवण साधं, गरम.

जाणाऱ्यांना एक सुचवते. एकटं जाऊ नका. खरेदी, सेल्स आणि डिस्पॅच, तिघांना एकदम न्या आणि वेगवेगळ्या टेबलांवर बसवा. आमचा डिस्पॅचवाला त्या दिवशी खेळात दुसऱ्या एका टेबलावर कारखान्याच्या खुर्चीत होता. परत येताना गाडीत म्हणाला, “ताई, तुमची लाइनीतली ऑर्डर अचानक शून्य होते ना, तेव्हा मला वाटायचं तुम्ही माझ्यावर चिडलाय.”

दुसऱ्या दिवशी मी त्या जुन्या सेल्समनला फोन केला. तो आता कुपवाडला पशुखाद्याच्या एजन्सीत आहे. मी माझी चूक सांगितली. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पण ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं की. दुकानदार एकच ऑर्डर तीन-तीन स्टॉकिस्टकडे लावतायत, निम्मी खोटी आहे म्हणून.” मला ते सांगितलेलं आठवत नाही. सांगितलं असणार. त्याने कुठल्या दुकानाने किती लावली होती, तीही नावं घेतली, सहा वर्षांनी.

आता आमच्या ऑर्डरवहीत एक रकाना वाढवलाय. सेल्समनने दुकानात गेल्यावर मागणीच्या आधी काउंटरवरून आठवड्यात खरोखर किती विकलं ते विचारून लिहायचं. अर्धे दुकानदार सांगतात, अर्धे अजून सांगत नाहीत.