दाढीनंतरच्या पुळ्या: सिंगल ब्लेड, ट्रिमर आणि अ‍ॅडापॅलीन, एक उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

जाड, कुरळी दाढी आहे आणि कामामुळे ती वाढवता येत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझं काम सोलापुरात, नवी पेठेत काउंटरवरचं. जबड्याखाली आणि गळ्यावर कायम पुळ्या, त्यांचे काळे डाग, त्यात घामानं भिजलेली कॉलर घासली की आग. उन्हाळ्याच्या तोंडाशी दाढीची सगळी पद्धत बदलली. सोलापूरचा ४२-४३ अंशांचा एप्रिल-मे त्यातच गेला, आणि फरक टिकून आहे.

आधी कारण समजून घ्या, नाहीतर पुढचं पटणार नाही. हे मुरुम नव्हेत. कापलेल्या कुरळ्या केसाचं टोक वाढताना वळून परत कातडीत शिरतं आणि तिथे सूज येते. तीन-चार पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस ओढून वर आणतं, मागचं कापतं, आणि उरलेलं टोक कातडीच्या आत जाऊन बसतं. तिथून ते आतल्या आतच घुसतं. कातडी ताणून उलटा हात मारला तरी हेच होतं. म्हणजे दाढी जितकी गुळगुळीत, तितका त्रास जास्त. हात फिरवल्यावर किंचित खरखर लागली पाहिजे, हे एकदा मान्य केलं की अर्धं काम झालं.

पहिला महिना ब्लेड पूर्ण बंद. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते; सेंटिमीटरभर झाली की अडकलेले बरेच केस आपोआप सुटतात. साहेबांना कारण सांगितलं, त्यांनी समजून घेतलं. ज्यांना तेवढीही मुभा नाही त्यांनी ट्रिमरनं १ मिलिमीटरवर दाढी ठेवावी. लांबून स्वच्छच दिसते.

मग सिंगल ब्लेडचा सेफ्टी रेझर. आपल्याकडचा टेरी टॉवेल गरम पाण्यात पिळून पाच मिनिटं दाढीवर धरायचा. केस मऊ पडतो. बोअरच्या जड पाण्यात फेस नीट होत नाही, म्हणून दाढीपुरतं नळाचं पाणी वेगळं काढून ठेवतो. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, पण एक तांब्या पुरतो. दाब न देता, केस ज्या दिशेनं वाढतो त्याच दिशेनं, एकदाच. मानेवर ही दिशा जागोजागी बदलते, ती आधी बोटानं तपासा. पातं दोन-तीन दाढ्यांनंतर टाकून देतो. सुटी पाती स्वस्तच असतात.

औषधांत खरा उपयोग झाला तो एरवी मुरुमांवर लावतात त्या अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेलचा. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घेतलं. रात्री, वाटाण्याएवढं, कोरड्या कातडीवर. सुरुवातीचे काही आठवडे कातडी सुटते आणि चरचरते; तेव्हा एक दिवसाआड लावा आणि मॉइश्चरायझर सोडू नका. सकाळी सनस्क्रीन हवंच, आपल्या उन्हात तर डाग जास्तच गडद होतात. पुळ्या लवकर बसल्या, डाग फिकट व्हायला मात्र कित्येक महिने लागले. पिकलेल्या पुळीवर बेंझॉइल पेरॉक्साइड चालतं, पण रंगीत टॉवेलचा रंग त्यानं उडतो, म्हणून पांढराच वापरा. तुरटीनं रक्त थांबतं; अडकलेला केस काही सुटत नाही.

एक कळकळीची विनंती. मेडिकलमध्ये नुसतं 'पुळ्यांचं मलम' मागू नका. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या ट्यूब मिळतात. आठवडाभरात चेहरा छान दिसतो, आणि वापर लांबला तर कातडी पातळ आणि लाल होते. चिमट्यानं केस उपटणंही नको, नवा केस आतूनच मुळाभोवतीची भिंत फोडतो. वर दिसणारा वळसा स्वच्छ सुईनं फक्त मोकळा करावा.

सलूनमध्ये मी आता आधीच सांगतो, 'दादा, पातं नवं घाला, सुलट एकच हात, मानेवर उलटा नको.' कोणीही नाराज झालेलं नाही. लग्नसराईत एकदम चकाचक दाढी हवी असेल तर ही पद्धत ती देणार नाही. इतकं करूनही पुळ्या येत राहिल्या किंवा गाठी जाड होऊ लागल्या, तर केस कमी करणाऱ्या लेझरबद्दल विचारा. आपल्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. मला त्याची गरज पडली नाही. हनुवटीखाली जिथे केस गोल फिरतात, तिथे एखादी पुळी अजून येते, आणि त्या जागेवर मी ब्लेड लावतच नाही, फक्त ट्रिमर.