म्युझिक पीसीच्या नावाखाली झालेली फसवणूक: सील बघून थांबू नका, तपासा

फक्त गाणी ऐकण्यासाठी घरात वेगळा कॉम्प्युटर बनवून घ्यायचा विचार असेल तर हे पूर्ण वाचा, लांबलंय पण कामाचं आहे. मी एकाकडून असा म्युझिक पीसी बनवून घेतला. तो ऑनलाइन ऑर्डर घेतो आणि असेंबल करून पाठवतो. नाव घेत नाही कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि नावं बदलून हाच धंदा करणारे बरेच आहेत, पद्धत मात्र सगळ्यांची साधारण तीच असते म्हणून पद्धतच सांगते.

कबूल काय केलं होतं ते आधी सांगते. बिनफॅनचं कॅबिनेट, आतच बसवलेला ३२ बिट ३८४ किलोहर्ट्झचा डॅक (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल बनवणारा भाग; ३८४ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ लाख ८४ हजार सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं), 'ऑडिओ ग्रेड' एसएसडी, वीज शुद्ध मिळावी म्हणून बाहेर वेगळ्या बॉक्समध्ये लिनिअर (मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा) पॉवर सप्लाय, आणि वर हाय-रेझ (सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या) गाण्यांनी भरलेली हार्ड डिस्क फ्री. आउटपुट म्हणे बिट-परफेक्ट, म्हणजे फाइलमध्ये जे आहे तेच एकही बिट न बदलता डॅकपर्यंत जाणार. यातलं कॅबिनेट तेवढं खरं निघालं.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की परत करायची मुदत कशी खाल्ली जाते. मुदत होती १० दिवसांची. मशीन आल्यावर पहिल्या दिवसापासून आवाज मला विचित्र वाटत होता, वरचे स्वर टोचत होते, बास फुगलेला, तसं कळवलं तर उत्तर आलं, "मॅडम, मशीन अजून मोकळं झालेलं नाही, किमान ३०० तास वाजू द्या, मग बोला." आता तुम्हीच हिशोब करा, दिवसरात्र न थांबता वाजवलं तरी १० दिवसांत २४० तास होतात. म्हणजे त्याच्या सांगण्याप्रमाणे वागलं की मुदत आपोआप संपणार. स्पीकरच्या कोनाभोवतीचं रबर किंवा कापडी सस्पेन्शन सुरुवातीला थोडं सैल होतं हे खरं आहे, पण एसएसडी, रॅम, प्रोसेसर यांच्यात असं मोकळं होण्यासारखं काहीच नसतं. त्यावर आणखी बोललं की पुढचं वाक्य तयार असतं, "तुमचे कान अजून तयार नाहीत." हे वाक्य आलं की समजा समोरच्याकडे दाखवण्यासारखं काही नाहीये. आपल्या कानांवरचा आपलाच विश्वास उडवायचा आणि तेवढ्यात दिवस काढायचे, यावरच हा धंदा चालतो.

ऑर्डर देण्याआधी त्याने डेमो दिला होता. आधी एका साध्या लॅपटॉपवर गाणं वाजवलं, मग तेच गाणं त्याच स्पीकरवर त्याच्या मशीनवरून, आणि फरक खरंच जाणवला. का जाणवला ते नंतर कळलं. माझ्याकडे आलेल्या मशीनच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये आत आत जाऊन बघितलं तर प्रीअँप (एकूण आवाज वाढवणारं सेटिंग) ३ डेसिबलने वर केलेला आणि इक्वलायझरमध्ये बास आणि ट्रेबल दोन्ही उचललेले. दोन आवाजांत १ डेसिबलचा जरी फरक असला तरी आपल्याला तो 'आवाज मोठा आहे' असा कळत नाही, 'जास्त मोकळा, जास्त जिवंत' असा वाटतो, हे ऑडिओमध्ये काम करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून तुलना करायची तर आधी दोन्हीची पातळी जुळवायची. कमी फ्रिक्वेन्सीचा टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघता येतं, १ डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १२ टक्के फरक, तो लगेच दिसतो. त्यानंतर कुठलं वाजतंय हे न बघता ऐकायचं. फूबार (foobar2000) या फुकट म्युझिक प्लेअरमध्ये यासाठी एबीएक्स नावाचं फुकट कंपोनंट मिळतं, दोन फाइलींत तुम्हाला खरंच फरक कळतो का ते त्यात समजतं. यातलं काही करायला समोरचा तयार नसेल तर तो डेमोच समजू नका. आणि इक्वलायझर चालू ठेवून बिट-परफेक्ट म्हणणं हे सरळ सरळ खोटं आहे, कारण इक्वलायझरने एकूण एक सॅम्पल बदलतं.

मला पक्का संशय आला तो समोरच्या डिस्प्लेमुळे. मी स्वतः रिप केलेली (कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेली) सीडी लावली होती. सीडी म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट, १९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून तेच आहे, आणि डिस्प्लेवर लखलखीत आकडा ३८४. रेडिओ स्ट्रीम लावला तरी ३८४. गाणं थांबवलं तरी ३८४! विचारलं तर म्हणे अपसॅम्पलिंग (फाइलमधले सॅम्पल वाढवून वाजवणं) चालू आहे. ठीक आहे, अपसॅम्पलिंग असतं, पण काहीच वाजत नसताना कशाचं अपसॅम्पलिंग चाललंय?

मग मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टम) बनवला आणि त्यावरून हे मशीन बूट केलं. हे आवर्जून सांगते कारण यात स्क्रू काढावा लागत नाही, सील तुटत नाही, आतल्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. टर्मिनल उघडून एलएसयूएसबी (lsusb) टाइप केलं की यूएसबीवर जोडलेली प्रत्येक वस्तू आपली ओळख सांगते, आतला डॅकसुद्धा बहुतेक वेळा यूएसबीवरच जोडलेला असतो. तिथे ओळ आली ०८बीबी:२७०४. म्हणजे पीसीएम २७०४ ही चिप. चिप वाईट नाही, तिच्या कामापुरती चांगली आहे, साध्या यूएसबी स्पीकरसाठी वगैरे वापरतात, पण ती १६ बिटच आणि जास्तीत जास्त ४८ किलोहर्ट्झ इतकंच घेते. त्याच लिनक्समध्ये प्रोक (proc) फोल्डरच्या आत असाउंड (asound) नावाचं फोल्डर असतं, त्यात तुमच्या साउंड कार्डच्या फोल्डरमध्ये स्ट्रीम० (stream0) नावाची फाइल असते, ती उघडली तर स्वच्छ लिहिलेलं, फॉरमॅट १६ बिट, रेट ३२०००, ४४१००, ४८०००. बस्स, तिथे पितळ उघडं पडलं. ३८४ हा आकडा फक्त डिस्प्लेवर रंगवलेला होता, आत तसलं काहीच नव्हतं, मी देईन ती हाय-रेझ फाइल ४८ वर उतरवूनच वाजत होती.

तिथेच बसून एसएसडी पण बघितली. स्मार्टसीटीएल (smartctl) नावाच्या टूलने डिस्कचा स्वतःचा रेकॉर्ड वाचता येतो, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो तेच दाखवतं. मॉडेलचं नाव साध्या नेहमीच्या एसएसडीचं, आणि पॉवर ऑन अवर्स हजारोंच्या घरात. नवी म्हणून दिलेली डिस्क कुठल्यातरी मशीनमध्ये आधी भरपूर राबून आलेली. तसंही गाण्याच्या बाबतीत 'ऑडिओ ग्रेड' एसएसडी असं काही नसतं, फाइल एकदा वाचून मेमरीत आली की ती कुठल्या डिस्कवरून आली याचा मागमूस राहत नाही. पण जुनी डिस्क नवी म्हणून विकणं ही वेगळीच चोरी झाली.

फ्री गाण्यांच्या हार्ड डिस्कबद्दल. फाइली सगळ्या २४ बिट १९२ किलोहर्ट्झ फ्लॅक, एकेक फाइल भली मोठी, बघून वाटावं की वा, खजिनाच मिळाला. स्पेक नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल टाकली की कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आवाज आहे त्याचं चित्र दिसतं. माझ्या एका आवडत्या गाण्याची फाइल टाकली, १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सगळं काळं. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये साधारण तिथेच कापलेलं असतं. म्हणजे एमपीथ्री घेऊन तिला फुगवून १९२ च्या फ्लॅकमध्ये भरलेलं होतं. बाकीच्यातल्या काही २२ च्या आसपास कापलेल्या, त्या सीडीवरून फुगवलेल्या, कारण ४४.१ च्या सॅम्पलिंगमध्ये त्याच्या निम्म्याच्या वरचं काही बसतच नाही. फ्लॅक हा फॉरमॅट लॉसलेस आहे, पण त्याला जे दिलं ते तो जसंच्या तसं ठेवतो, आधीच गेलेलं परत आणत नाही. एक लक्षात ठेवा, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या भागात खरोखरच फार काही नसतं, तिथे चित्र हळूहळू विरत जातं, त्यावरून लगेच खोटं म्हणू नका. सरळ रेषेत कापलेलं दिसलं की मात्र संशय घ्या. आणि एखादा माणूस हजारो गाणी फ्री भरून देतोय म्हणजे ती बहुतेक चोरीचीच, कलाकाराला त्यातलं काही मिळत नाही, ते वेगळं.

आता मला सगळ्यात जास्त संताप आला तो पॉवर सप्लायचा. जड बॉक्स, जाड ॲल्युमिनियमचं पॅनल, हातात घेतला की वाटणार आत मोठा ट्रान्सफॉर्मर आहे. पण मागच्या स्टिकरवर इनपुट लिहिलेलं १०० ते २४० व्होल्ट आणि व्होल्टेज बदलायचा स्विच कुठेच नाही. लिनिअर सप्लायमध्ये मेन्सचा ट्रान्सफॉर्मर ठरावीक व्होल्टेजसाठी असतो, किंवा ११५ आणि २३० साठी सिलेक्टर स्विच तरी देतात. न स्विच करता १०० ते २४० सगळं चालतं म्हणजे ते बहुतेक एसएमपीएसच (लॅपटॉपच्या चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय). एका इलेक्ट्रॉनिक्स रिपेअर करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून तो उघडून घेतला (स्वतः उघडू नका, एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं). आत तळहाताएवढा साधा एसएमपीएसचा बोर्ड, आणि शेजारी हॉट ग्लूने चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजनासाठी! पट्टीचा एका बाजूचा ग्लू सुटलेला होता, ती हलत होती, आणि मेन्सची वायर तिच्यापासून बोटभर अंतरावर. एवढ्यावर थांबलं नाही, तीन पिनांची केबल दिलेली पण सॉकेटच्या अर्थिंगच्या टोकाला आतून वायरच जोडलेली नाही. म्हणजे पट्टी सरकून वायरला लागली असती तर पूर्ण धातूच्या बॉक्समध्ये करंट उतरू शकला असता. एसएमपीएस असणं हा दोष नाही, चांगला एसएमपीएस ऑडिओला व्यवस्थित चालतो, मी तेच वापरते आता. पण पैशासाठी कुणाच्या घरात असा बॉक्स पाठवणं हा जिवाशी खेळ आहे, आणि ज्याने ती पट्टी चिकटवली त्याला ते नक्की माहीत होतं.

पैसे परत मागितल्यावर काय झालं तेही सांगते. आधी टोलवाटोलवी, मग "तुम्ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टम चालवली म्हणजे वॉरंटी गेली". मी कार्डाने पैसे दिले होते म्हणून बँकेकडे 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' असा डिस्प्यूट टाकला. तिथे अडलं ते बिलावर. बिलावर लिहिलं होतं 'कस्टम पीसी, १ नग', बाकी काही नाही, ३८४ नाही, लिनिअर नाही, नवी एसएसडी नाही. नशिबाने सगळे आकडे त्याने मेसेजमध्ये लिहून पाठवले होते, ते आणि लिनक्सचे स्क्रीनशॉट जोडले तेव्हा पीसीचे पैसे परत आले. पॉवर सप्लायचं बिल वेगळं होतं आणि ते त्याच्या सांगण्यावरून कार्डाऐवजी ट्रान्सफरने भरलेलं, ते अजून अडकलंय. म्हणून बिलावर डॅकच्या चिपचं नाव, एसएसडीचं पूर्ण मॉडेल, सप्लायचा प्रकार हे सगळं लिहून घ्या, फोनवर कबूल केलेलं काही कामाला येत नाही, आणि पैसे दोन वेगळ्या मार्गांनी मागितले तर तिथेच थांबा.

खरं सांगायचं तर यातलं बहुतेक लागतच नाही. २४ बिट ९६ किलोहर्ट्झचं स्टिरिओ म्हणजे सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या आसपास, यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. फ्लॅक उलगडायला जुना लॅपटॉप पण पुरतो. बाहेरचा एसिंक्रोनस डॅक घेतला की वेळ ठरवणारं घड्याळ डॅकचं असतं, कॉम्प्युटरमध्ये महागडं क्लॉक कार्ड टाकून काय मिळणार? यूएसबीवर डेटा चुकला तर टकटक आवाज येतो किंवा गाणं तुटतं, बास 'थोडा सपाट' होत नाही. विंडोजवर प्लेअरमध्ये वासापीचा (WASAPI, विंडोजची आवाजाची यंत्रणा) एक्सक्लुझिव्ह मोड लावा म्हणजे सिस्टमचा मिक्सर मध्ये येत नाही. मशीन शांत हवं, गाण्यांचा बॅकअप हवा, आणि उरलेले पैसे स्पीकरवर आणि ते ठेवाल त्या खोलीवर लावा, फरक तिथे पडतो.

आणि तुमच्याकडे असा वेगळा पॉवर सप्लायचा बॉक्स असेल, धातूचा, तीन पिनांचा, तर आजच त्याचा प्लग भिंतीतून काढा, केबल बॉक्सपासून सोडवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असतील तर बीप देणारं सेटिंग) ठेवून एक टोक मागच्या सॉकेटच्या अर्थिंगच्या पिनला आणि दुसरं बॉक्सच्या एखाद्या स्क्रूला लावा. पॅनलला लावू नका, ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या वरच्या थरातून करंट जात नाही आणि उगाच घोटाळा होतो. बीप आला नाही तर जाणकार माणसाने बघेपर्यंत तो बॉक्स परत प्लगमध्ये घालू नका.