कायमचा पलंग की घडीचा बाक?

मारुती ईको व्हॅनमध्येच झोपत-जेवत फिरायचं, तर आतली मांडणी करावी लागते. तिची लांबी 3675 मिलिमीटर, रुंदी 1475. पुढच्या सीट सोडल्या की मागे झोपण्यापुरतीच जागा उरते, म्हणून पहिला निर्णय पलंगाचा.

कायमचा पलंग केला की दमून आल्यावर नुसतं आडवं व्हायचं. खाली पाण्याचा 20 लिटरचा कॅन, बॅटरी, शेगडी असं सगळं वजन तळाशी राहतं आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर गाडी कमी झुलते. पण बसायला जागा नाही. पाऊस लागला की जेवणही मांडी घालून, मान वाकवून.

घडीच्या बाकावर दोघं समोरासमोर बसून चहा घेतात, हे सुख मोठं. मात्र रोज रात्री फळ्या जोडा, गाद्या लावा. आणि काणकोणच्या खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

मी फोंड्यात राहतो, मुख्यतः पावसाळ्यात फिरतो, म्हणून बाकच निवडला. दिवसभर गाडीत अडकल्यावर पाठ टेकून बसता आलंच पाहिजे. शिवाय गादी रोज उचलली जाते, खालून वारा लागतो. आधीच्या सलग प्लायवर आठवड्यात काळी बुरशी धरली होती, बोट लावलं तर ओलं. आता पट्ट्यांमध्ये दोन बोटं फट ठेवलीय.