स्क्रीनवर ९३१ दिसले आणि मी फसले

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१५ सालचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर मी लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं असं डीटीपीचं काम करते. २०२५ च्या उन्हाळ्यात तो इतका मंदावला की सकाळी बटण दाबून मी कुकर लावायची, आणि तीन शिट्ट्या झाल्या तरी डेस्कटॉप पुरता उघडलेला नसायचा. वरून डिस्कमधून टक्‌ टक्‌ आवाज. इथे नागपुरातच, मिहानमध्ये नोकरी करणारा माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, नवा कॉम्प्युटर नको घेऊ. एसएसडी टाक, बस. तुझा बोर्ड जुना आहे, अडीच इंची साटावालाच घे." एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारा वेगवान ड्राइव्ह, आणि साटा ही तो जोडायची जुनी पद्धत.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. त्याची नाइट शिफ्ट सुरू होती म्हणून मी एकटीच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले.

दोन-तीन दुकानांत विचारलं. नाव ऐकलेल्या कंपनीचा ४८० किंवा ५०० जीबीचा ड्राइव्ह तीन हजारांच्या आसपास, १ टीबीचा पाच हजारांच्या वर. भाव सगळीकडे उन्नीस-बीस. मग एका गल्लीतल्या दुकानात १ टीबीचा भाव सांगितला २,६०० रुपये. मी थेट विचारलं, एवढा स्वस्त कसा? काउंटरवरचा मुलगा हसला. "ताई, कंपनी नवी आहे. जाहिरातीचा खर्च नाही नं. तुम्ही पॅकिंगचे पैसे देता की मालाचे?"

मी काही अगदीच भोळी नाही, निदान तेव्हा तरी तसं वाटत होतं. म्हटलं, लावून दाखवा. त्यानं लगेच लावला. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि समोर आकडा आला: ९३१.५१ जीबी.

आणि इथेच मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. कारण मला हे ठाऊक होतं की १ टीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ च दिसतो. कंपन्या हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. म्हणून ५०० चे ४६५ दिसतात, २४० चे २२३. स्क्रीनवर पुरते १००० दिसले असते तर मी संशय घेतला असता. ९३१ दिसले आणि माझी खात्री पटली. त्या मुलाला मी वर हे समजावूनही सांगितलं, बरं का! त्यानं मन लावून ऐकून घेतलं.

स्क्रीनवरचा तो आकडा विंडोज स्वतः मोजत नाही. ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारी चिप, विंडोजला सांगतो, "माझ्यात इतकी जागा आहे", आणि विंडोज ते मान्य करून पुढे चालू लागतं. कंट्रोलरमधलं फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्रॅम) बदललं की १२० जीबीचा ड्राइव्हही स्वतःला १ टीबीचा म्हणवून घेतो. फॉरमॅट होतो, विंडोज बसतं, दुकानात दाखवायला सगळं छान चालतं. म्हणजे ज्याला मी तपासणी समजत होते, तो त्याच्या विक्रीचाच भाग होता. लावून दाखवायला तो एका पायावर तयार का होता, हे मला तीन महिन्यांनी कळलं.

पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वर लागतील" म्हणाला. मी नको म्हटलं. ही चूक पूर्णपणे माझी. हातात आली ती एस्टिमेट लिहिलेली चिठ्ठी, त्यावर "१ टीबी एसएसडी" आणि "३ साल वॉरंटी"चा शिक्का. सिरीयल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे यूपीआयनं दिले, तेही दुकानाच्या नावावर न जाता कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेले. खोक्यावर चकचकीत चित्रं, वेगाचे मोठाले आकडे. पण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, एमआरपी, ग्राहक सेवेचा नंबर यांपैकी काही नाही. साध्या बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा बनवणाऱ्याचा पत्ता आणि किंमत असते, कायद्यानं छापावीच लागते. आता मी कुठलीही वस्तू घेतली की आधी खोकं उलटं करून पाहते. त्या दिवशी पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात स्कूटीच्या पायाशी कॅबिनेट ठेवून दुकानात नेलं. त्यानं एसएसडी बसवला, त्यावर विंडोज १० टाकलं (११ त्या मशीनवर रीतसर बसत नाही) आणि जुनी डिस्क डेटा काढून घेण्यापुरती लावून ठेवली. कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत तयार. मी चार जणींना त्या दुकानाचं नाव सांगितलं. त्यांतल्या एकीनं तिथून घेतलासुद्धा. तिला नंतर तोंड दाखवणं जड गेलं.

आता मुख्य नुकसान. माझ्या बाबांना फोटोंचं वेड होतं. आमचं माहेर नागपूरच्या महाल भागातलं. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून ते सकाळीच निघायचे. काळी मारबत, पिवळी मारबत (मिरवणुकीतले भलेमोठे स्त्री-पुतळे), बडगे (चिमटे काढणारे पुरुष-पुतळे), नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबतींची भेट होते ती गर्दी. त्याच दिवशीच्या तान्ह्या पोळ्यातले लाकडी नंदी घेतलेली पोरं. २००८ ते २०१९, वर्षावार फोल्डर, जवळजवळ १८० जीबी. २०२० मध्ये बाबा गेले. जुनी डिस्क टकटक करायला लागल्यावर मला पहिली काळजी वाटली ती या फोटोंची.

रात्री कॉपीला लावले. सुरुवातीला धडाधड गेले, मग वेग पडून सेकंदाला दहा-बारा एमबीवर आला. वाटलं, जुनी डिस्क थकली आहे. सकाळी कॉपी पूर्ण झाली होती, एकही एरर नाही. शेवटची दोन फोल्डरं उघडून पाहिली, फोटोंची छोटी चित्रं व्यवस्थित दिसली. भाच्यानं नंतर सांगितलं की नुकतीच कॉपी केलेली फाइल विंडोज बऱ्याचदा रॅममधूनच, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीतूनच दाखवतं. मी ड्राइव्ह तपासलाच नव्हता, रॅम पाहून समाधान मानलं होतं.

दुकानदार म्हणालाच होता, "जुनी डिस्क परत आणली तर ३०० देतो." नेऊन दिली.

ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आठवड्यात, ओळखीच्या एका मंडळाला जुन्या मारबतीचे फोटो हवे होते. मी २०१६ चं फोल्डर उघडलं. नावं सगळी जागच्या जागी, प्रत्येक फाइल पाच-सहा एमबीची. डबल क्लिक केलं तर फाइल उघडत नाही. दुसरी, तिसरी, तीच गत. २०१७, १८, १९ तसेच. मागे मागे जात २०१३ वर आले तेव्हा एक फोटो उघडला. काळ्या मारबतीचा चेहरा, लाल जीभ, गळ्यापर्यंत स्वच्छ. त्याखाली सगळा राखाडी पट्टा. त्याच्या आधीचे सगळे फोटो चांगले, नंतरचा एकही नाही. ड्राइव्हची खरी जागा नेमकी त्या फोटोच्या मध्यावर संपली होती.

भाचा रविवारी लॅपटॉप घेऊन आला. वाचलेलं सगळं आधी पेन ड्राइव्हवर काढून घेतलं. मग त्यानं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. ड्राइव्ह किती तास चालला आहे, हे त्यात कळतं. तीन महिने रोज सहा-सात तास चाललेला आमचा ड्राइव्ह दाखवत होता: ० तास. "मावशी, हा खोटं बोलून राहिला," भाचा म्हणाला. मग ड्राइव्ह कोरा करून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू चालवलं. हा एका जर्मन कॉम्प्युटर मासिकाचा छोटासा मोफत प्रोग्रॅम. तो ड्राइव्ह काठोकाठ भरेपर्यंत लिहितो आणि लिहिलेला प्रत्येक तुकडा परत वाचून पडताळतो. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. उत्तर आलं: १११ जीबी बरोबर, ८१९ जीबी गायब.

मग ड्राइव्ह उघडला. प्लॅस्टिकचं खोकडं, चाकूच्या टोकानं कट्‌कन सुटलं. आत बिस्किटाएवढा हिरवा बोर्ड, त्यावर एक मेमरीची चिप, तिच्यावरचा नंबर घासून काढलेला. बाकीची जागा रिकामी आणि एका कोपऱ्यात गरम गोंदानं चिकटवलेली लोखंडाची पट्टी. वजनासाठी! हातात घेतल्यावर माल भरीव वाटावा म्हणून. रिकामी जागा दिसली म्हणजे ड्राइव्ह खोटा, असं मात्र समजू नका. चांगल्या कंपन्यांच्या स्वस्त ड्राइव्हमध्येही बोर्ड छोटासाच असतो आणि अर्धं खोकडं मोकळं असतं. पण त्या कुणी लोखंड चिकटवत नाहीत.

सीताबर्डीतल्याच एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेले. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, पुसलेलं कधीकधी परत काढता येतं. पण तुमच्या ड्राइव्हनं १११ जीबीच्या पुढचं लिहिलंच नाही. लिहून झालं असं कॉम्प्युटरला खोटंच सांगितलं. जे लिहिलंच नाही ते काढणार कुठून? जुनी डिस्क असेल तर आणा, म्हणाला.

जुन्या डिस्कसाठी धावत त्या दुकानात गेले. "ती तर गेली ताई, भंगारात." आणि एसएसडीचं? "डेटाची गॅरंटी कुणीच देत नाही. पीस बदलून देतो, वॉरंटी आहे नं." असं म्हणून त्यानं मागच्या फळीवरून तसलंच दुसरं खोकं काढलं. फळीवर तशी दहा-बारा होती.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदवून क्रमांक दिला. मराठीत बोलता आलं, हे विशेष. पक्कं बिल नसल्यानं बाजू लंगडी होती, पण यूपीआयची नोंद, शिक्क्याची चिठ्ठी आणि टेस्टच्या उत्तराचा फोटो एवढं होतं. मग मीच डीटीपीत एक नोटीस तयार केली, धंदाच तो. त्यात लिहिलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि पैसे मिळाले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ती ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस पाठवली. दोन आठवड्यांनी त्यानं २,३०० परत केले. जुन्या डिस्कचे दिलेले ३०० कापून घेतले! डिस्क भंगारात गेली होती, तिचे पैसे मात्र त्याच्या लक्षात होते.

मी आयोगात गेले नाही. जायला हवं होतं, असं रोज वाटतं.

नंतर मी घेतला तो नाव असलेल्या कंपनीचा ५०० जीबीचा, दुसऱ्या दुकानातून. पक्कं बिल, त्यावर सिरीयल नंबर लिहून घेतला, आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी दिसते का पाहिलं. दुकानदार कंटाळला, कंटाळू दे. आमच्यासारख्या मशीनला साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपासच मिळतो, त्यामुळे नव्या प्रकारच्या ड्राइव्हच्या खोक्यांवरच्या सात हजाराच्या आकड्यांचा काही उपयोग नव्हता. ड्राइव्हमध्ये वेगळी डीरॅम (त्याची स्वतःची तात्पुरती मेमरी) नाही, चिपा क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट ठेवणाऱ्या) की टीएलसी (तीन ठेवणाऱ्या), यावर भाचा बराच वेळ बोलला. टीएलसी मिळाला तर बरा, कारण मोठ्या कॉपीला क्यूएलसी लवकर दमतो, एवढं मी लक्षात ठेवलं. घरच्या कामाला दोन्ही चालतात. खऱ्या ड्राइव्हचाही वेग मोठ्या कॉपीत पडतो, तेव्हा नुसत्या वेगावरून कुणाला चोर ठरवू नका.

ड्राइव्ह घरी आणल्यावर विंडोज टाकायच्या आधी, एकही फाइल ठेवायच्या आधी, तो पूर्ण भरून पडताळला. अडीच तास लागले. उत्तरात एकही एरर नाही. ती टेस्ट होईपर्यंत मी खोकंसुद्धा फेकलं नव्हतं. ऑनलाइन घेणाऱ्यांनी तर परत करायची मुदत संपायच्या आत हे करावंच. आणि जुनी डिस्क कितीही टकटक करत असली तरी निदान सहा महिने कपाटात राहू द्या. ३०० रुपयांत तिचं काय करणार आहात?

२००८ ते २०१३ चे फोटो आता दोन ठिकाणी ठेवले आहेत. २०१५ चे थोडे भावाच्या ईमेलमध्ये सापडले, बारीक करून पाठवलेले. बाबांचे एक मित्र इतवारीत राहतात. त्यांच्याकडे २०१७ च्या मारबतीचे काही प्रिंट आहेत म्हणतात, पण त्यांना ते कुठल्या पेटीत आहेत हे आठवत नाही. पुढच्या रविवारी मी आणि भाचा जाणार आहोत माळा उपसायला.