एडटेक कंपनीतला इंटरव्ह्यू: डेमोला पैकीच्या पैकी, एचआर काठावर पास

कंपनीचं नाव लिहीत नाही. हेड ऑफिस बेंगळुरूला, नागपूरचं ऑफिस आयटी पार्कजवळ, आणि जाहिरात दर आठवड्याला नव्याने येते. ओळखणारे ओळखतील. पाचपैकी तीन तारे देते, त्यातले अडीच एकट्या डेमो राउंडचे, म्हणजे शिकवून दाखवायच्या फेरीचे.

मी नंदनवनला एका कोचिंग क्लासमध्ये दहावी-अकरावीला फिजिक्स शिकवते. एमएस्सी, बीएड. क्लासचा पगार लेक्चरवर असतो, त्यामुळे बोर्डाची परीक्षा संपली की जूनच्या नव्या बॅचपर्यंत सगळा उपासच. दर उन्हाळ्यात आमच्यातले चारदोन जण एडटेकमध्ये, म्हणजे ऑनलाइन शिकवणीच्या कंपन्यांत, अर्ज टाकतात, यंदा मीही टाकला. पद होतं ‘अकॅडमिक एक्स्पर्ट’ आणि पात्रता ‘कोणतीही पदवी’. ही दोन वाक्यं एकाखाली एक दिसली की काम विक्रीचं आहे हे समजून जायचं.

पहिला फोन एचआरच्या मुलीचा, हिंदीत. फिजिक्सबद्दल अवाक्षर नाही. लॅपटॉप स्वतःचा आहे का, शनिवार-रविवार काम करायला जमेल का, सुट्टी मधल्या वारी घ्यावी लागेल, आणि “प्रेशर में काम कर सकते हो?” मी विचारलं, कशाचं प्रेशर? ती सरळ म्हणाली, “टार्गेट का, मॅम.” शनिवार-रविवारी आईबाप दोघेही घरी सापडतात, म्हणून विक्रीवाल्यांची सुट्टी मंगळवार-बुधवारी. शिकवायची काही जागा आहे का, असं मीच विचारल्यावर कळलं की स्टेट बोर्डाच्या कंटेंट टीममध्येही, म्हणजे शिकवण्याचे व्हिडिओ करणाऱ्यांत, भरती आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेखच नव्हता. दोन्हींसाठी एकाच दिवशी बोलावलं. तुम्हाला शिकवायचंच असेल तर हा प्रश्न फोनवरच विचारा, कारण स्वतःहून कोणी सांगत नाही.

पोचायला सोपं आहे. मेट्रोच्या ॲक्वा लाइनने सुभाषनगरला उतरायचं आणि पुढे ऑटो. मे महिन्यात दहाच्या पुढे चालत जायच्या भानगडीत पडू नका, नाहीतर इस्त्रीचे कपडे आणि तुम्ही दोघंही वाळून पोचाल. आत एसी, गार पाणी, रिसेप्शनची माणसं सौजन्याची. पण बोलावलं नऊला आणि पहिली हाक पडली बाराच्या सुमाराला. बाहेरच्या टपरीवर तर्री पोहे खाऊन गेले होते म्हणून निभावलं. उमेदवारांत इंजिनिअर सगळ्यात जास्त, मग बीएस्सी, एमबीए, एक बीएएमएस झालेली मुलगीसुद्धा. शिक्षक म्हणावेत असे आम्ही अगदी थोडे. लेखी परीक्षा टक्केवारी, नफा-तोटा आणि इंग्रजीतला एक ईमेल, एवढीच. कोणी नापास झालेलं मला तरी दिसलं नाही.

नंतरचा राउंड म्हणजे रोल-प्ले. मॅनेजर खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “मी काटोलचा शेतकरी. संत्र्याची बाग आहे. पोरगा नववीत. मला तुमचा कोर्स नको. आता विका.” दोन वर्षांच्या कोर्सची किंमत सत्तर हजार, हे आधीच सांगितलं होतं. मी सवयीने विचारलं, पोराला कशात अडचण येते? गणितात की विज्ञानात? तो लगेच काटोलहून आयटी पार्कात परतला: “मॅम, प्रॉब्लेम नका विचारू. ड्रीम विचारा.”

ड्रीम विचारलं. डॉक्टर. मग ‘बाप’ म्हणाला, यंदा भाव पडले, पैसा नाही. इथे अपेक्षित उत्तर होतं ‘नो कॉस्ट ईएमआय’, आणि तेही आजच्या आज, कारण डिस्काउंट रात्री बारापर्यंतच. मी विचारलं, हे कर्ज कोणाच्या नावावर? बापाच्या पॅनवर. देतं कोण? फायनान्स कंपनी. पोराने महिनाभरात ॲप उघडणं बंद केलं तर हप्ता थांबतो का? यावर थोडी शांतता. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ ला पालकांसाठी एक सूचनापत्र काढलं होतं. फुकट सेवेच्या नावाखाली काही कंपन्या ऑटो-डेबिट चालू करून घेतात, अटी न वाचता कर्जावर सही करू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आमच्या क्लासच्या पालकसभेत मी ते वाचून दाखवते, इथेही बोलून दाखवलं. मॅनेजर चिडला नाही, हसला. “मॅम, आप तो पेरेंट की साइड से बैठी हो.” आणि कागदावर काहीतरी खोडलं.

माझ्यानंतर उमरेडचा एक पोट्टा होता, त्याने हाच कोर्स मोजून सात-आठ मिनिटांत विकला. दाराला काच होती, आवाज बाहेर येत होता. बोलणं गोड, आणि कुठे थांबायचं हे त्याला बरोबर कळत होतं. आधी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोबाइलच्या दुकानात होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “मॅडम, इथं तं सोपं आहे. बर्डीवर दोनशेचं कव्हर विकाले याहून जास्त बोला लागते.” विक्री हे कौशल्य आहेच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण मग जाहिरातीत सेल्स असं लिहा ना बाप्पा! एक्स्पर्ट कायले म्हणता?

आता डेमो. यासाठी मी अडीच तारे का देते ते नीट सांगते, कारण इतक्या वर्षांत माझं शिकवणं असं कोणी तपासलंच नव्हतं. स्क्रीनवर दोघे होते, एक बाई आणि एक गृहस्थ, दोघेही आधी शिकवत असलेले, हे पहिल्या प्रश्नालाच कळलं. विषय दिला दहावी विज्ञान भाग १, ‘उष्णता’ या धड्यातलं काहीही, वेळ दहा मिनिटं. मी कूलर घेतला. नागपूरच्या पोरांना अप्रकट उष्मा शिकवायला वेगळं उपकरण लागतच नाही, प्रत्येकाच्या खिडकीत ते बसवलेलं असतं. मे महिन्याची कोरडी गरम हवा ओल्या वाळ्यातून आत येते, पाण्याची वाफ होते, त्या वाफेला लागणारी उष्णता हवेतूनच जाते आणि हवा गार होते. जुलैत हवेत आधीच बाष्प असतं, पाणी उडायला जागा कमी, म्हणून तोच कूलर अंग चिकट करतो. सापेक्ष आर्द्रता त्याच धड्यात आहे, त्यामुळे दोन्ही मुद्दे एका कूलरवर बसले.

गृहस्थांनी थांबवलं. “पुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा ५४० कॅलरी प्रति ग्रॅम दिलाय. तो १०० अंशांवरचा. कूलरमधलं पाणी तर उकळत नाही. मुलाने विचारलं तर?” प्रश्न चोख होता. मी सांगितलं की तापमान कमी असेल तर दर ग्रॅमला जास्तच उष्णता लागते, तीस अंशांच्या आसपास साधारण ५८०, म्हणजे कूलरच्या फायद्याचंच. लगेच बाईंचा प्रश्न: मग खोलीची दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला तर जास्त गार होईल का? नाही होणार, आतलं बाष्प बाहेर जायला वाट हवी, हे नागपुरात शेंबडं पोरगंही सांगेल. पण ‘का’ हे सांगता येतं का, ते त्यांना बघायचं होतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते कुठल्याच क्लासमध्ये होत नाही. त्यातली दोन मिनिटं मला परत घ्यायला लावली, आधी चुका सांगून. मी वर्गात दर थोड्या वेळाने “कळलं का?” म्हणून थांबते. कॅमेऱ्यासमोर तसं थांबलं की मूल व्हिडिओ पुढे ढकलतं, त्याऐवजी उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न टाका, असं बाई म्हणाल्या. फळ्यावरचं माझं अक्षर वर्गात शेवटच्या बाकाला दिसतं, पण गावाकडे आईच्या फोनवर बघणाऱ्या मुलीला दिसणार नाही, म्हणून एका वेळी पडद्यावर चार-पाच शब्दच. आकृती आधीपासून तयार ठेवायची नाही, बोलता बोलता काढायची, कारण हात हलतो तिकडे डोळे जातात. नोकरी मिळो न मिळो, या पाऊण तासासाठी तिथपर्यंत जाणं वसूल झालं होतं.

एचआरने मग परत जमिनीवर आणलं. कौन्सेलरांना, म्हणजे त्या ‘अकॅडमिक एक्स्पर्ट’ नावाच्या विक्रीवाल्यांना, साडेसहा लाखांचं पॅकेज सांगत होते, त्यात पक्के तीनच लाख, बाकी टार्गेट पूर्ण झालं तर. मला कंटेंटसाठी ४ लाख ८० हजार सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. ऐकायला महिना चाळीस हजार. “हातात किती?” याचं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळालं. बेसिक वीस हजार, त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ आणि ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी सीटीसीतच धरलेली, मग माझा पीएफ आणि दोनशे रुपये व्यवसाय कर. राहतात साधारण चौतीस हजार. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं टिकल्यावर मिळते, आणि या धंद्यात पाच वर्षं कोण टिकतं हा प्रश्न माणसाला जेवढा लागू तेवढाच कंपनीलाही. २०२२ मध्ये बायजूजची किंमत २२ अब्ज डॉलर मानली गेली होती आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. म्हणून मी पगार कोणत्या तारखेला होतो आणि गेल्या वर्षात कधी लांबला का, हेही विचारलं. एचआरला हा प्रश्न आवडला नाही. तुम्ही मात्र जरूर विचारा.

सगळ्यात खटकलं ते पुढचं: एक वर्षाचा बाँड, मध्येच सोडलं तर ट्रेनिंगचे पन्नास हजार, आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र कंपनीकडे जमा. शेजारचे दोघे-तिघे फाइलमधून प्रमाणपत्रं काढायलाही लागले होते. मी सांगितलं, मूळ प्रत बघा, झेरॉक्सवर सही करून देते, मूळ माझ्याजवळच राहील. “पॉलिसी है” म्हणाले. मी म्हटलं, मग ती पॉलिसी मला ईमेलवर पाठवा.

ईमेल आला नाही. आठवड्याने ऑफर लेटर आलं, कंटेंट टीमचं, आणि त्यात प्रमाणपत्राचं कलम नव्हतं. बाँड होता, तो सहा महिन्यांवर आणून घेतला. कौन्सेलरच्या जागेसाठी माझी निवड झाली नसल्याचा मेलही त्याच दिवशी आला, शुभेच्छांसह. डेमोचं रेकॉर्डिंग त्यांच्या ॲपवर वापरणार का, हे मी लेखी विचारलंय, त्याचं उत्तर यायचं आहे. ते आलं की सही करणार. उमरेडच्या पोराने आधीच केली, प्रमाणपत्र जमा करून. त्याला फोन करून सांगितलंय की पोच पावती तरी मागून घे.